फायबर आलं, जोडणारा कुठे आहे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीन विकून चार पैसे हाती आले की आमच्या दारव्हा तालुक्यात घरी नेट घ्यायची बोलणी सुरू होतात. मी निवृत्त टेलिफोन लाइनमन, म्हणून पारावर मलाच विचारतात, "काका, किती एमबीपीएसचं घेऊ?" मी म्हणतो, "बाप्पा, तार कुठून येते ते पाह्यलं काय? अन् तुटली तं जोडाले कोन येते?"

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणून हा आकडा आधी आठाने भागावा. जाहिरातीतले १०० म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. दराच्या पाटीवर १८ टक्के जीएसटी बहुधा धरलेला नसतो. ई-पीक पाहणी, सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) कापूस खरेदीची 'कपास किसान' ॲपवरची नोंदणी, पोरांचे क्लास, एवढ्यासाठी चार माणसांच्या घराला ३०-४० एमबीपीएस रग्गड झाले.

तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड आता विसरा. एक्स्चेंजपासून घर जितकं दूर तितका वेग कमी, आणि पावसाळ्यात जॉइंटला हिरवा गंज चढला की सगळंच बंद. फायबर म्हणजे काचेची तार, तिच्यातून प्रकाश जातो, त्यामुळे चार-पाच किलोमीटरने काही बिघडत नाही. आकाशातली वीजही त्यातून घरात शिरत नाही. मात्र मोडेमच्या डबीचा अडॅप्टर विजेच्या बोर्डातच असतो, तो मृगाच्या गडगडाटात काढून ठेवावा. डबीवर 'एलओएस'चा लाल दिवा लागला तर प्रकाश पोहोचत नाही असं समजावं. दहा वेळा बंद-चालू करण्याआधी पिवळी वायर दाराच्या फटीत चेपली आहे का, खिळ्याला करकचून वळवली आहे का, तेवढं पाहावं.

टॉवर जवळ असेल तर फाइव्ह-जीचं हवेवरचं कनेक्शन बरं. छतावर डबा बसतो, खोदकाम नाही. पण तोच टॉवर सगळ्या गावाच्या मोबाइललाही पुरवायचा असतो, त्यामुळे रात्री जेवणं आटोपली की वेग उतरतो. डोंगराआडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांना, म्हणजे वस्त्यांना, उपग्रहाचाच आधार. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो, म्हणून व्हिडिओ कॉलवर बोलणं मागेपुढे होतं.

तरी माझं मत फायबरच्याच बाजूने. अडतं ते दुरुस्तीशी. गेल्या हंगामात रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने आमच्याकडची केबल उपटली. कंपनीचं नाव घेत नाही, पण माणूस यायला इतके दिवस लागले की लोकांनी महिन्याचे पैसे भरून शेवटी मोबाइलचाच डेटा मारला. जोडायला आलेल्या त्या पोराजवळ मी उभा राहून पाहिलं. केसाएवढी काच त्याने सोलली, स्पिरिटने पुसली, टोक सरळ कापलं आणि दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर धरली. आत ठिणगी पडली, काच वितळून सलग झाली. धूळ बसू नये म्हणून त्याच्या जोडीदाराने तोवर ताडपत्री धरली होती. एक जोड काही मिनिटांचा. पण ते मशीन जिल्ह्याच्या गावाहून येतं, आणि एका मशीनकडे किती तालुके ते विचारू नये!

ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, तीच आजची भारतनेट. तिच्यात बरीच केबल एकामागून एक गाव अशी सरळ टाकली गेली. मध्ये एका जागी तुटली की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात, १ लाख ३९ हजार ५७९ कोटींच्या, ग्रामपंचायती रिंगने जोडायच्या आहेत. म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसरीकडून नेट चालू. दहा वर्षांची देखभालही त्यात धरली आहे. म्हणून सरपंचांनी "नेट कधी येणार?" एवढंच विचारू नये. आपली पंचायत रिंगमध्ये आहे का आणि देखभालीचा ठेका कोणाकडे आहे, हे लेखी मागावं.

दुसरं, खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आलं आहे. रस्त्याच्या ठेकेदाराचं बिल काढताना सार्वजनिक बांधकाम विभागाने आणि जिल्हा परिषदेने त्यावरची नोंद मागावी. नोंद नसेल तर केबल जोडण्याचा खर्च त्याच बिलातून कापावा.

आपला,
एक निवृत्त लाइनमन
ता. दारव्हा, जि. यवतमाळ