तराजूचा काटा जागेवर आणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

बाजार समित्यांचे रोजचे भाव दाखवणाऱ्या आमच्या आयफोन अ‍ॅपची नवी आवृत्ती गेल्या आठवड्यात वापरकर्त्यांच्या हाती गेली. यादी खाली ओढली की वर दिसणारा तराजू आता न अडखळता झुलतो, हे आपल्याला कळवावे आणि त्यामागच्या आपल्या मार्गदर्शनाचे ऋण उघडपणे मान्य करावे, म्हणून हे पत्र.

कल्पना आमच्या डिझायनरची होती. यादी ओढू लागताच एका बाजूला झुकलेली दांडी हळूहळू सरळ व्हावी, ७२ पॉइंट (पडद्यावरील अंतराचे माप) ओढल्यावर काटा बरोबर मध्यावर यावा आणि तेथे बोट उचलले की नवे भाव मागवले जावेत. चित्रात हे इतके सोपे दिसत होते की मी दोन दिवसांचे काम म्हणून होकार दिला आणि तीन आठवडे त्यातच अडकून पडलो.

आपण पहिल्याच कॉलवर विचारले होते, "हे स्वतः बनवायलाच हवे का?" तेव्हा मला तो प्रश्न थोडा लागला, हे आता सांगायला हरकत नाही. लॉरेन ब्रिक्टर या प्रोग्रामरांनी ट्विटर वाचण्याच्या ट्वीटी अ‍ॅपमध्ये यादी खाली ओढून ताजी करण्याची ही लकब रूढ केल्यानंतर अ‍ॅपलने २०१२ साली आयओएस ६ बरोबर यूआयरिफ्रेशकंट्रोल हा त्यासाठीचा तयार घटक दिला, आणि तो वापरणाऱ्याला कितीतरी गोष्टी आयत्या मिळतात. स्वतःचे हेडर, म्हणजे यादीच्या माथ्यावरचा भाग, बांधायचे तर त्या सगळ्या गोष्टी आपल्या अंगावर येतात, त्यांचा हिशेब आधी मांडा, असे आपण सुचवले होते. मी तो मांडला नाही, आणि पुढचे सगळे त्यातूनच उद्भवले.

पहिली तक्रार अशी आली की नव्या फोनवर यादीला जरासे ओढून सोडले तरी रिफ्रेश सुरू होते. मी बोटाच्या वेगाचे गणित तपासत बसलो होतो. आपण मात्र कोडला हात न लावता, यादी स्वस्थ असताना कंटेंटऑफसेटचा, म्हणजे यादी किती सरकली आहे त्याचा, आकडा काय आहे तेवढा छापायला सांगितले. मी शून्य गृहीत धरले होते आणि छापून आले उणे ८८. स्टेटस बार (वेळ-बॅटरीची पट्टी) आणि नेव्हिगेशन बार (शीर्षकाची पट्टी) यांची उंची यादीच्या इनसेटमध्ये, म्हणजे कडेला राखलेल्या मोकळ्या जागेत, आपोआप मिळवली जाते, त्यामुळे पडद्याच्या माथ्यावर खाच असलेल्या नव्या फोनवर यादी जागेवर असतानाच माझ्या हिशेबाने ७२ ची मर्यादा ओलांडलेली होती. माझ्या जुन्या फोनवर तोच आकडा उणे ६४ होता, म्हणून तेथे केवळ आठ पॉइंट ओढून काम होत होते आणि मी त्याला 'हलका हात' समजून खूश होतो! अ‍ॅडजस्टेडकंटेंटइनसेट (आपोआप मिळवलेल्या जागेसह एकूण इनसेट) वजा करून ओढ मोजू लागल्यावर दोन्ही फोन ताळ्यावर आले.

बोट उचलल्यावर यादीला बसणारा हिसका तुलनेने लवकर सुटला. यादी स्वतःहून मूळ जागी परतू पाहते आणि त्याच क्षणी माझा कोड तराजूला जागा ठेवण्यासाठी इनसेट वाढवतो, ही ओढाताण आपण दाखवून दिली, आणि इनसेट व ऑफसेट दोन्ही एकाच अ‍ॅनिमेशनमध्ये बदलल्यावर हिसका गेला.

खरी परीक्षा बाजार समित्यांच्या मथळ्यांनी घेतली. आमच्या यादीत लासलगाव, पिंपळगाव बसवंत, सोलापूर असे मथळे वरच्या कडेला चिकटून राहतात. रिफ्रेश चालू असताना कोणी यादी वर सरकवली, तर 'लासलगाव' हा मथळा कडेपासून ७२ पॉइंट खाली अधांतरी लटकत असे आणि त्याच्या वरच्या मोकळ्या पट्ट्यातून कांद्याच्या ओळी निघून जात. पाहणाऱ्याला एका समितीचे भाव दुसऱ्या समितीच्या नावावर दिसावेत, इतका तो घोटाळा होता. भावाच्या अ‍ॅपमध्ये ही चूक केवळ सौंदर्याची नव्हे. त्या शनिवारी संध्याकाळी आपण वहीच्या पानावर फोनची चौकट काढून ते पान कॅमेऱ्यासमोर धरलेत आणि कागदाची एक पट्टी त्यावर वर-खाली सरकवत विचारलेत, "तराजू पडद्याबाहेर गेला, तरी त्याची जागा तुम्ही का राखून ठेवली आहे?" उत्तर त्या पट्टीतच होते. रिफ्रेश चालू असेपर्यंत जादा इनसेट कायमचा ७२ न ठेवता, यादी सरकेल तसा तो ७२ पासून शून्यापर्यंत कमी करत न्यायचा. यादी सरकताना चालणाऱ्या स्क्रोलव्ह्यूडिडस्क्रोल या फंक्शनमध्ये दोन ओळी वाढल्या आणि लासलगाव कडेला जाऊन चिकटले. ते पान मी आपल्याकडून फोटो काढून मागवून घेतले आहे.

यानंतर काम संपले, असे मला वाटले होते. आपण पडद्यावरचे वाचून दाखवणारी व्हॉइसओव्हर ही आयफोनची सोय सुरू करून डोळे मिटून अ‍ॅप वापरायला सांगितलेत. अ‍ॅपलच्या यूआयरिफ्रेशकंट्रोलमध्ये यादीच्या माथ्यावर तीन बोटांनी खाली ओढले की रिफ्रेश होते, माझा तराजू मात्र ढिम्म. ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासाठी माझ्या अ‍ॅपमध्ये भाव ताजे करण्याची सोयच उरली नव्हती, आणि हे मला एकाही चाचणीत सुचले नव्हते. आता ती खूण चालते, 'भाव ताजे करा' अशी वेगळी क्रियाही ऐकू येते आणि नवे भाव आले की तशी घोषणा होते. या एका गोष्टीसाठी मी आपला सर्वाधिक आभारी आहे.

आपण मला एकदाही तयार कोड पाठवला नाहीत. पहिल्या आठवड्यात त्याचा राग येत असे, तोही माफ असावा.

एक दुखणे अजून शिल्लक आहे. रिफ्रेश चालू असताना अ‍ॅप मागे टाकून परत आले की काटा थिजलेला दिसतो. या वेळी मात्र सगळे आकडे आधी छापून पाहतो, आणि तरीही अडलो तरच शनिवारी फोन करतो.

आपला कृतज्ञ,
तराजूवाला