तिकिटाआधी मुलांचे वेळापत्रक मागा

मा. संपादक,

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की नाशिकमधल्या अनेक घरांत बॅगा माळ्यावरून खाली येतात. थायलंड, व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवायला गेलेल्या लेकीकडे किंवा भाच्याकडे पंधरा दिवस राहून यायचे असते. हौस अगदी रास्त आहे. पण तारीख ठरते ती स्वस्त तिकीट पाहून किंवा इथल्या शाळांच्या सुटीवरून. मग पाहुणे खोलीत बसून आणि मूल दिवसभर वर्गात, अशी दोघांचीही ओढाताण होते.

थायलंडच्या सरकारी शाळांचे पहिले सत्र साधारण 16 मेला सुरू होते. त्यामुळे एप्रिल आणि मेचे पहिले दहा दिवस उत्तम. 13 ते 15 एप्रिल सोंगक्रान, म्हणजे त्यांचे नववर्ष. त्या आठवड्यात रेल्वे आणि बस भरलेल्या असतात, तेव्हा बाहेरगावी जायचे तर आरक्षण आधीच हवे. मे अखेरीस तिकीट उतरते म्हणून तेव्हा गेलात, तर शाळेचा पहिलाच पंधरवडा असतो आणि शिक्षकाला रजा मागणेही अवघड जाते. ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत पुन्हा सत्रांमधली सुटी असते. दिवाळी ऑक्टोबरात येते त्या वर्षी हा योग चांगला जुळतो.

व्हिएतनामचे गणित उलटे आहे. तिथे बहुतेक जण भाषाकेंद्रांत शिकवतात. मुले आपली शाळा सुटल्यावर तिथे येतात, म्हणून वर्ग सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी आणि शनिवार-रविवार जवळपास पूर्ण दिवस. ‘रविवारी सगळे मिळून हालाँग बेच्या सहलीला’ हा बेत म्हणूनच फसतो. मोकळा वेळ मिळतो तो मधल्या वारी, सकाळी. जून ते ऑगस्ट शाळांना सुटी, म्हणजे केंद्रांचा ऐन हंगाम. प्रत्येक केंद्राचे वेळापत्रक वेगळे असते, तेव्हा आधी ते मागवा, मग तिकीट काढा.

आता नोंदणी. ही गोष्ट इकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. व्हिएतनाममध्ये परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की घरमालकाला बारा तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे त्याची नोंद करावी लागते. दुर्गम भागात चोवीस तास. थायलंडमध्ये हेच काम ‘टीएम 30’ नावाच्या अर्जाने चोवीस तासांत होते. नोंद राहिली तर दंड मालकाला, पण मालकाची नाराजी आणि पुढे व्हिसा वाढवताना होणारी विचारपूस तुमच्या मुलाच्या वाट्याला येते. म्हणून पोचल्या रात्रीच पासपोर्टचे फोटोचे पान आणि प्रवेशाचा शिक्का यांचे फोटो मुलाला मालकाकडे पाठवायला सांगा. भाडेकरारात पाहुण्यांच्या मुक्कामाला मर्यादा आहे का, तेही आधी विचारून घ्या. खोली लहान असेल तर जवळचे परवानाधारक हॉटेल बरे, तिथे नोंद हॉटेलच करते. बँकॉकमध्ये त्याच इमारतीतला फ्लॅट आठवड्यासाठी भाड्याने घेण्याचा मोह टाळा. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने फ्लॅट भाड्याने देणे तिथल्या हॉटेल कायद्यात बसत नाही.

कागदपत्रांत सर्वाधिक घोळ होतो तो नावाचा. आपल्याकडे पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात, तर स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव मिळून दुसऱ्या रकान्यात असते. व्हिएतनामचा ई-व्हिसा भरताना मधले नाव गाळले जाते आणि नाव न जुळल्यामुळे मुंबईच्या काउंटरवरच अडवले जाते. फी परत मिळत नाही. ऑगस्ट 2023 पासून हा व्हिसा 90 दिवसांपर्यंत मिळतो. एका प्रवेशाला 25 डॉलर, अनेक प्रवेशांना 50. हो चि मिन्ह सिटीहून कंबोडियात अंगकोरची मंदिरे पाहून परत यायचे असेल तर 50 डॉलरचाच घ्या, नाहीतर परतीला नवा व्हिसा काढावा लागतो. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा. दलालांची हुबेहूब दिसणारी पाने बरीच आहेत. थायलंडसाठी मे 2025 पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचे आहे. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे आणि तेही मोफत.

सामानाबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत भरू नका. खोबरे तेलकट, आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या सामानात त्याला बंदी आहे. आणि नारळाच्या मुलखात ते न्यायची गरजही नाही. दुबई किंवा सिंगापूरमार्गे जाणार असाल तर खसखस नकोच, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. खसखस लावलेले अनारसे आणि घरचा गोडा मसालाही त्यातच आला. ताजी द्राक्षे ठेवून जा, बेदाणे न्या.

शाकाहारी मंडळींनी ‘मांस नको’ एवढ्यावर थांबू नये. माशाचे सॉस तिथे मिठासारखे सगळ्यात पडते आणि स्वयंपाकी ते मांसात धरत नाही. व्हिएतनाममध्ये नेमका शब्द आहे ‘चाय’, अर्थ शाकाहारी. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेले असते. त्या जेवणात कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांचीही सोय.

व्हिएतनाममध्ये मुलाची स्कूटर चालवू नका. तो देश 1968 च्या रस्ता-वाहतूक कराराखालचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मानतो, आपला 1949 च्या कराराचा. अपघात झाला तर विमा कंपनी याच कारणाने दावा नाकारू शकते.

निघण्यापूर्वी बँकेच्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या आणि ओटीपीसाठी सिमचे रोमिंगही. मुलाचा पत्ता तिथल्या भाषेत, घरमालकाच्या फोन नंबरासह कागदावर छापून प्रत्येकाने आपापल्या पर्समध्ये ठेवावा. मूल वर्गात असताना फोन उचलू शकत नाही आणि टॅक्सीवाल्याला आपले उच्चार कळत नाहीत.

— एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक