ट्यूबिंगनहून अण्णांना

ट्यूबिंगन
रविवार, 13 जुलै 2025

ती. अण्णांस,
शि. सा. न.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि मशीन कानाला लावायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून हे लिहून पाठवतेय. दादा प्रिंट काढून देईल. आईला मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे तिला वेगळं लिहायला नको.

मागे तुम्ही म्हणालात, ‘तिकडची जर्मन माणसं मुळातच शिस्तीची, आपल्याकडे ते जमायचं नाही.’ तेव्हा मी नुसतं हं हं केलं, पण मला ते पटलेलं नाही. उभी नोकरी नगरपालिकेत घरपट्टीच्या खिडकीत काढलेल्या माणसाने असं म्हणावं, याचं तर नवलच वाटलं. लोक आपणहून किती शिस्तीने भरतात ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक! इथेही माणसं माणसांसारखीच आहेत. फरक आहे तो पावतीत आणि भांडणात, आणि ही भांडणं इथे वर्षानुवर्षं चालतात.

आधी गाव कसं ते सांगते. वस्ती 90 हजारांच्या आसपास, आणि त्यात विद्यापीठाची पोरंच 28 हजारांच्या घरात. म्हणजे दर तिसरा-चौथा माणूस पाठीला सॅक अडकवलेला. विद्यापीठ 1477 सालचं. नेकार नदी गावातून जाते, काठाला एकमेकांना खेटून उभी लाकडी चौकटींची रंगीत घरं, वर टेकडीवर किल्ला. युद्धात बॉम्ब फारसे पडले नाहीत, म्हणून जुनं गाव जवळपास शाबूत राहिलं. चौकात नगरपालिकेची इमारत, तिच्यावर 1511 सालचं खगोली घड्याळ, आणि समोर सोमवार, बुधवार, शुक्रवार भाजीबाजार. तुम्हाला ते घड्याळ आवडेल, आईला बाजार. कोथिंबीर मात्र चार काड्यांची जुडी, आणि भाव ऐकून आई आल्या पावली परत फिरेल.

आता मुद्द्याचं. बाहेर कॉफी घेतली आणि ती एकदा वापरून फेकायच्या कपात घेतली, तर त्या कपावर नगरपालिकेचा कर आहे 50 सेंट. खाण्याच्या खोक्यावर 50 सेंट, काट्या-चमच्यावर 20. सध्याच्या भावाने 50 सेंट म्हणजे आपले पन्नास रुपये धरा. आपल्या वाईच्या गणपती घाटावर चहाच्या कागदी कपावर पन्नास रुपये कर लावला तर काय होईल याची कल्पना करा! इथेही तेच झालं. कर 1 जानेवारी 2022 पासून सुरू झाला, आणि त्याविरुद्ध बर्गरचं दुकान चालवणारे कोर्टात गेले. मानहाइमच्या कोर्टाने त्याच वर्षी कर बेकायदा ठरवला. नगरपालिका हटली नाही, वर गेली. 2023 मध्ये लाइपझिगच्या कोर्टाने कर बहुतांशी उचलून धरला. मग दुकानवाले थेट कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयापर्यंत गेले आणि या जानेवारीत, 22 तारखेला, तिथूनही नगरपालिकेच्या बाजूने निकाल जाहीर झाला. एवढ्याशा गावाने कागदी कपासाठी तीन कोर्टं पाहिली! कोन्स्टान्स नावाच्या दुसऱ्या गावाने तर त्या निकालाची वाटही न बघता याच जानेवारीपासून स्वतःचा कर चालू केला.

कायद्याने कर दुकानदाराने भरायचा, पण दुकानदार तो गिऱ्हाइकाकडून वसूल करणार हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाई त्याची वेगळी ओळच बिलात दाखवतात आणि वर विचारतात, ‘आमचा परतीचा कप देऊ का?’ परतीच्या कपाला अनामत असते, कप दिला की पैसे परत. पहिल्या आठवड्यात मी हट्टाने कागदी कप घेतला. बिलावरची ती ओळ रोज बघून बघून डोळ्यांना खुपायला लागली आणि आता माझ्या पिशवीत आईने दिलेला स्टीलचा झाकणवाला पेला असतो. बाईंना तो फार आवडलाय.

आता तुम्ही विचाराल, कचरा कमी झाला का? गंमत तिथेच आहे. विद्यापीठाच्याच अभ्यासकांनी 2023 मध्ये आकडे तपासले, तर सार्वजनिक कचरापेट्यांतल्या कचऱ्याच्या वजनात मोजण्याजोगी घट दिसली नाही. कप मुळात हलके, वजनात त्यांचा हिशेब लागणार कसा, असं कराच्या बाजूचे म्हणतात. विरोधकांनी तो अभ्यास अजून सोडलेला नाही. मला स्वतःला विचाराल तर रस्त्याकडेच्या पेट्या पूर्वीसारख्या उतू जात नाहीत एवढं लोक सांगतात, आणि परतीची भांडी ठेवणारी दुकानं वाढली हे तर दिसतंच. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते असं, की नगरपालिकेने स्वतःच्या अंगावर घेऊन एक कर लावला आणि त्याच्यासाठी शेवटपर्यंत भांडली. आपली जकात गेल्यावर तुम्हीच म्हणायचात ना, की स्वतःचं उत्पन्न गेलं की नगरपालिकेचा कणाच जातो आणि मग अनुदानाच्या कागदांकडे डोळे लावून बसायचं.

जिन्याची शिस्त आता ऐका. माझ्या घराच्या दाराच्या मुठीला आळीपाळीने एक छोटी पाटी अडकवली जाते. पाटी ज्याच्या दारावर, त्या आठवड्याचा जिना त्याचा. झाडायचा, पुसायचा, थंडीत दारासमोरच्या फुटपाथवरचं बर्फ काढायचं. या भागात ही पद्धत फार जुनी. जवळच्या स्टुटगार्टला 1492 मध्येच तसा हुकूम निघाला होता असं लोक अभिमानाने सांगतात, आणि तो काढणारा तिथला काउंट, म्हणजे सरदार, एबरहार्ड म्हणजे आमच्या विद्यापीठाचाही संस्थापक. पण हे सगळं आवडीने होतं असं समजू नका. खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. माझी पाळी संपली की त्या कठड्याच्या खालच्या बाजूने, जिथे कुणी फडकं नेत नाही तिथून, बोट फिरवतात, बोट बघतात आणि काही न बोलता आत जातात. ते न बोलणं फार लागतं हो! बर्फाचं कारण तर सरळसोट आहे. तुमच्या दारात घसरून कुणाचा पाय मोडला तर भरपाईचं लचांड तुमच्या गळ्यात. मग पहाटे उठून फावडं कोण हातात घेणार नाही?

गाड्यांचंही तसंच. घरासमोर रस्त्यावर गाडी लावायचा वर्षाचा परवाना पूर्वी 30 युरोंना मिळायचा. 2021 मध्ये तो 120 करायचा ठरला, आणि अवजड गाड्यांना 180. महापौर बोरिस पाल्मर. हे गृहस्थ 2007 पासून खुर्चीवर आहेत. आधी ग्रीन पक्षाचे, मग पक्षाशी वाजलं, 2022 ची निवडणूक अपक्ष म्हणून लढले आणि जिंकले, 2023 मध्ये पक्षही सोडला. तोंडाने फटकळ, नको ते बोलून दर काही महिन्यांनी वाद ओढवून घेतात. अर्ध्या गावाला ते डोळ्यांसमोर नकोत आणि अर्धं गाव म्हणतं, काम करतो ना, मग बोलू दे. असा एखादा माणूस आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडेल.

पण या महापौरांचंही सगळं चालत नाही, हे मला आवडलं. गावाच्या मधून, स्टेशनपासून वरच्या हॉस्पिटलांपर्यंत ट्राम न्यायची अशी मोठी योजना होती. महापौर तिच्या बाजूने होते. सप्टेंबर 2021 मध्ये संसदेच्या निवडणुकीबरोबरच त्यावर गावाचं मत घेतलं आणि 57 टक्के लोकांनी ट्राम नको म्हटलं. झालं, योजना बारगळली. कुणी म्हणालं जुन्या रस्त्यांना रूळ झेपणार नाहीत, कुणी म्हणालं बसच पुरे. माझ्या विभागातला एक सहकारी अजून त्या मतदानावर चिडून आहे, कारण त्याला रोज गच्च भरलेल्या बसने टेकडी चढावी लागते. ट्राम गेली, पण सायकलींचे पूल झाले. त्यातला एक तर थंडीत खालून गरम करतात, म्हणजे वर बर्फ धरत नाही. मीठ टाकलं तर लोखंड सडतं, त्यापेक्षा हे परवडतं, असा त्यामागचा हिशेब. पूल गरम करायचे, हे ऐकून मी हसले होते. जानेवारीत त्यावरून सायकल नेल्यावर हसू थांबलं.

आईसाठी आता थोडं मजेचं. जूनमध्ये इथे एक सणाची सुट्टी असते, त्या दिवशी नदीत होड्यांची शर्यत होते. लांबलचक, सपाट तळाच्या होड्या, आणि मागे उभा राहून एक जण उंच वाशाने नदीचा तळ रेटतो. बाकीचे हातांनी पाणी मारतात. 1956 पासूनची प्रथा, सगळा कारभार विद्यार्थ्यांच्या मंडळांकडे. आधी सोंगं काढून मिरवणूक, मग बेटाला वळसा, आणि परत येताना पुलाच्या खांबाशी एक चिंचोळी जागा येते. तिथे सगळ्या होड्या एकदमच घुसतात. वासे वाशांत अडकतात, माणसं पाण्यात, पुलावर आमच्यासारख्यांची ही गर्दी. जिंकणाऱ्यांना करंडक आणि बिअरचं पिंप. सगळ्यांत शेवटी येणाऱ्या होडीतल्या प्रत्येकाने सगळ्यांसमोर अर्धा लिटर कॉड माशाचं तेल प्यायचं, वर पुढच्या वर्षीची शर्यत भरवायची जबाबदारीही त्यांच्याच डोक्यावर! मंडळामंडळांतली चढाओढ बघून मला कृष्णाबाईच्या उत्सवातल्या आपल्या आळ्या आठवल्या. गंगापुरीचा स्वयंपाक चांगला की आमचा, ही तशीच कधी न मिटणारी वादावादी. शर्यत संपली की काठावर बाटल्या-कॅनचा खच पडतो, तिथेही शिस्त औषधाला नसते. पण दर रिकाम्या कॅनमागे 25 सेंट मिळतात, काचेच्या बाटलीमागेही थोडेफार, त्यामुळे मोठमोठ्या पिशव्या घेऊन माणसं तयारच असतात. त्यांत म्हातारी माणसं बरीच दिसतात. पेन्शन पुरत नाही म्हणून श्रीमंत देशातली आजोबा मंडळी बाटल्या वेचतात, हे बघताना बरं वाटत नाही. स्वच्छतेची ही बाजू कुठल्या माहितीपत्रकात छापत नाहीत.

तुमच्यासाठी एक खास गोष्ट राखून ठेवलीय. विश्वकोशाच्या गावातल्या माणसाला कोशाचं वेड असणारच. इथे रुडॉल्फ रोथ नावाचे प्राध्यापक होते, विद्यापीठाचे ग्रंथपालही. त्यांनी आणि बोटलिंक नावाच्या दुसऱ्या संस्कृत पंडितांनी मिळून संस्कृत-जर्मन महाकोश केला. सात खंड, 1855 ते 1875, छापले रशियात, सेंट पीटर्सबर्गला. आणि अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेची भूर्जपत्रावर लिहिलेली काश्मिरी पोथी इथल्या ग्रंथालयात आहे. नेकारकाठच्या गावात बसून एक माणूस वीस वर्षं वेदातल्या शब्दांच्या चिठ्ठ्या लावत होता, हे मला फार भारी वाटतं. तर्कतीर्थांच्या वाईत हे सांगितलं तर कट्ट्यावर दोन दिवस पुरेल.

शेजारच्या काकूंच्या धाकट्याला निरोप द्या. त्याने विचारलं होतं, आपल्या महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी 10 हजार कुशल कामगारांचा करार केला, तर येऊ का. हे गाव त्याच राज्यात आहे. ये म्हणावं, पण भाषा पक्की करून ये. ‘इंग्रजीवर भागतं’ असं सांगणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नको. विद्यापीठात इंग्रजी चालतं, वीजजोडणीच्या कामावर किंवा वॉर्डात चालत नाही. आणि घर! पगाराचा मोठा लचका भाड्यात जातो. मी आलेल्या वर्षी खोली बघायला गेले, तर एका खोलीसाठी जिन्यात रांग होती आणि घरमालक एकेकाला मुलाखतीसारखे प्रश्न विचारत होता. इथे तर 2019 मध्ये नगरपालिकेने मोकळे प्लॉट धरून बसलेल्यांना पत्रं धाडली होती, घर बांधा नाहीतर विका. प्लॉट नातवासाठी ठेवलाय म्हणणारे इथेही निघाले. आपल्याकडे असं पत्र आलं असतं तर पहिलं आपल्या काकांनाच आलं असतं, त्यांना हे जरूर वाचून दाखवा.

माझी तब्येत छान. गेल्या रविवारी एकादशी केली. साबुदाणा इथे दुकानात मिळतो, पण दाण्याचं कूट स्वतःच करावं लागतं. आईने मेतकुटाची पाकिटं पाठवली तर चालतील. लोणचं नको, मागच्या वेळी बरणी फुटून सगळ्या पार्सलला तेल लागलं. आत्याच्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळवा.

आणि अण्णा, एक काम. आपल्या नगरपालिकेत इतकी वर्षं प्रशासकच आहे. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलंय, म्हणजे आता कधीतरी होतील. तुमच्या ओळखी अजून आहेत, तेवढं मतदार यादीत माझं नाव राहिलंय की कापलंय ते बघून ठेवा. तारखा जाहीर झाल्या की लगेच सांगा, रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो. आणि वॉर्डातून उभं राहणारे घरी आले तर चहा पाजून सोडू नका. घाटावरच्या कपांचं काय करणार ते विचारा, आणि काय उत्तर देतात ते मला लिहा.

आईला नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा.

तुमची,
सुमी