तिळीचं म्हणणं मला समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांस

नमस्कार डॉक्टर,

मी तुमच्याकडे आले होते ती आमच्या तिळी नावाच्या सशाची तक्रार घेऊन. रोज मध्यरात्री ही मागचे पाय धाडधाड आपटते, घरात कुणाला झोप नाही, ही खोड मोडायची कशी? तुम्ही उलट मलाच विचारलंत, "ती कुणाला सांगतेय?"

पाळीव सशांचे युरोपातले रानटी भाईबंद बिळांत गटाने राहतात, धोका जाणवून एकाने पाय आपटला की हादरा बाकीच्यांपर्यंत पोहोचतो, हे तेव्हा कळलं. म्हणजे तिळी आम्हाला उठवतच होती, मुद्दाम!

त्या रात्री दिवा न लावता मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. धप्प! आमचा दुसरा ससा, कापूस, तिथल्या तिथे जमिनीला चिकटला. कान पाठीवर, डोळे विस्फारलेले, नाक तेवढं भराभर हलत होतं. तिळी मात्र ताठ, एक कान खिडकीकडे, दुसरा दाराकडे. मला काही म्हणजे काही ऐकू येईना. येणार कसं? आपले कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंतचे, सशाला 40,000 च्या वरचंही ऐकू येतं. सकाळी पाहिलं तर खिडकीबाहेरच्या धुळीत मांजराची पावलं.

दुसरी गोष्ट लिहायची लाज वाटते. कापसाला मी मांडीवर उताणा निजवायचे. तो निपचित पडायचा आणि मी, केवढा विश्वास माझ्यावर, म्हणून फोटो काढायचे. ते फोटो तुम्हाला कौतुकाने दाखवले, तर तुम्ही क्षणभर गप्पच झालात. मग म्हणालात, शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला ससा असाच थिजतो. ते फोटो मी त्याच दिवशी काढून टाकले. आता त्याला जमिनीवरच कुरवाळते, तेही हात बाजूने नेऊन, कारण अगदी नाकासमोरचं त्याला दिसत नाही.

"सशाचं काळीज" असं आपण भित्र्या माणसाला हिणवून म्हणतो. तिळी तर पळून लपायच्या आधी सगळ्यांना जागं करते!

काल पुन्हा धप्प झालं. उठले, पडदा ओढला, तिच्याशेजारी बसून राहिले. तिने आणखी एकदा पाय आपटला, जरा हळू, आणि गवताकडे वळली.

मनापासून आभार, डॉक्टर.

तुमची,
तिळी-कापसाची आई