बाबांसाठी धावलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार

मालवणच्या जेटीवर बाबांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. तो पक्षाघाताचा झटका होता, मेंदूच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली होती. तेव्हा कोणी तेल चोळायला निघालं होतं. त्यांना अडवून "आधी घड्याळ बघा आणि गाडी काढा" म्हणणाऱ्या मासळीवाल्या मावशी, तुमचं नावही विचारायचं राहिलं. तुम्ही सांगितलेली तीच वेळ पुढे प्रत्येक डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. बाबांना ते कुडाळला मिळालं, तुमच्यामुळे.

पण मेंदूची मोठी धमनी तुंबली की नुसतं इंजेक्शन बरेचदा पुरत नाही. गोव्याच्या डॉक्टरांनी जांघेतल्या धमनीतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, मानेमार्गे थेट मेंदूपर्यंत नेला आणि बारीक जाळीच्या स्टेंटमध्ये गुठळी पकडून ओढून काढली. २०१५ साली मोठ्या अभ्यासांनी हा उपचार सिद्ध केला. निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंतही करता येतो, तरी उशीर परवडत नाही. तुंबलेल्या मेंदूत मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, म्हणे! काढलेली गुठळी मला दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढी, काळपट लाल. एवढीशी ती, आणि बाबांची वाचाच नेली होती.

ॲम्ब्युलन्सचे चालकदादा, महामार्गावर वाट करून देणारे ट्रकवाले, रात्रभर बाबांना "हात उचला बघू" म्हणत राहिलेल्या सिस्टर, तुम्हा सगळ्यांचे आभार. बाबा आता बोलतात. मालवणात आलात तर घरी या, जेवूनच जा.