पोलीस ठाण्यांतील सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग १८ महिने टिकत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
सेवा विभागप्रमुख,
सीसीटीव्ही यंत्रणा पुरवठादार कंपनी

विषय : साठवण क्षमता, हार्ड डिस्क व घड्याळातील दोष, मासिक देयक अमान्य केल्याबाबत
संदर्भ : पुरवठा आदेश व त्यासोबतचा देखभाल करार

महोदय,

आपला मासिक सेवा अहवाल मिळाला. त्यात जिल्ह्यातील सगळ्या पोलीस ठाण्यांचे कॅमेरे जवळपास पूर्ण वेळ सुरू असल्याचे दाखवून पूर्ण देयक मागितले आहे. हा अहवाल आम्हाला मान्य नाही. आपले सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने कॅमेऱ्याला पिंग करते (नेटवर्कवर तो उत्तर देतो का, एवढेच पाहते) आणि उत्तर आले की हिरवी खूण दाखवते. डिस्क भरलेली असो, निकामी असो की त्या चॅनेलचे, म्हणजे त्या कॅमेऱ्याच्या जोडणीचे, रेकॉर्डिंगचे वेळापत्रकच कोरे असो, खूण हिरवीच राहते. मागितलेल्या तारखेचे, मागितलेल्या तासाचे चित्र आणि आवाज हाती यावा म्हणून ही खरेदी झाली आहे. अहवालात नेमके तेच कुठे मोजलेले नाही.

परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिलेला निकाल निविदेसोबत जोडला होता. मुख्य दरवाजा, येण्याजाण्याच्या सर्व वाटा, सर्व कोठड्या, कोठडीबाहेरची जागा, व्हरांडा, निरीक्षक व उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाण्याची मागची बाजू आणि स्वच्छतागृहाच्या बाहेर (आत नव्हे) कॅमेरे हवेत. रात्रीचे दिसावे, आवाजही यावा आणि रेकॉर्डिंग १८ महिने टिकावे, असे त्यात आहे. तेवढी साठवण बाजारात मिळत नसेल तर शक्य तितकी, पण एक वर्षापेक्षा कमी कदापि नाही. आज एवढी साठवण सहज विकत मिळते, तेव्हा त्या सवलतीचा आधार आपल्याला घेता येणार नाही. शिवाय यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी त्याच निकालाने ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर टाकली आहे. रेकॉर्डिंग मिळाले नाही तर न्यायालयात उत्तर त्यांना द्यावे लागते, आपल्या इंजिनिअरला नाही.

आता हिशेब. एका ठाण्यात १४ कॅमेरे आहेत. निविदेत मान्य झालेले रेकॉर्डिंगचे प्रमाण २ मेगापिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम आणि सेकंदाला २ मेगाबिट असे आहे. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी, १४ कॅमेऱ्यांचे ३०२ जीबी. ६४ किलोबिटने आवाज धरला तर आणखी जेमतेम १० जीबी, एकूण ३१२ जीबी. अठरा महिन्यांना, म्हणजे ५४८ दिवसांना, सुमारे १७१ टीबी लागतात. आपण प्रत्येक ठाण्यात १० टीबीच्या ८ डिस्क रेड-५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी माहिती टिकवणाऱ्या जोडणीत) बसवल्या आहेत. एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत, म्हणजे बिघडलेल्या डिस्कची माहिती परत मिळवण्याच्या नोंदीत, गेल्यावर ७० टीबी उरतात. त्यात २२४ दिवस मावतात. अठरा महिने सोडाच, वर्षसुद्धा भरत नाही. हा भागाकार पुरवठ्याआधी आपल्याच अभियंत्यांनी करायला हवा होता.

ही तूट झाकण्यासाठी दुरून जे बदल केले गेले, ते आम्हाला जास्त गंभीर वाटतात. एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राच्या) नोंदी काढल्यावर दिसले की बऱ्याच चॅनेलवर फ्रेम २५ वरून ८ वर आणल्या आहेत, आवाज बंद केला आहे आणि सलग रेकॉर्डिंगऐवजी हालचालीवर चालणारे रेकॉर्डिंग लावले आहे. आवाज बंद करून जागा वाचते ती तीन टक्के. हालचालीवरचे रेकॉर्डिंग गोदामाला ठीक आहे. कोठडीत ते घातक ठरते. आरोपी निपचित पडून असेल तर यंत्राच्या लेखी हालचाल नाही, म्हणून रेकॉर्डिंग थांबते. कोठडीत कोणाची प्रकृती बिघडली तर चौकशीत सर्वात आधी मागितला जातो तो हाच वेळ. कोठडी आणि तिच्या बाहेरच्या जागेचे चॅनेल कोणत्याही कारणाने सलग रेकॉर्डिंगवरून हलवायचे नाहीत.

बसवलेल्या डिस्क साध्या डेस्कटॉप वापराच्या आहेत. पुरवठा आदेशात चोवीस तास लेखन सोसणाऱ्या, पाळत यंत्रणेसाठीच्या डिस्क लिहिल्या होत्या. डेस्कटॉप डिस्क एखादा खराब भाग वाचताना बराच वेळ अडून बसते. तेवढ्यात रेड कंट्रोलर (डिस्कचा संच सांभाळणारा भाग) तिला मेलेली समजून बाहेर काढतो. मग नवी डिस्क घालून तिच्यावर माहितीची पुनर्बांधणी करायची, तर १० टीबीला सहज दिवसभर लागतो, आणि त्या काळात दुसरी डिस्क गेली की ठाण्याचे सगळे रेकॉर्डिंग जाते. एवढ्या मोठ्या डिस्कना रेड-५ देणेच चूक होते.

बिघडलेली डिस्क हमीत बदलण्यासाठी कंपनीत नेण्याची पद्धत आजपासून बंद. त्या डिस्कवर तक्रारदार महिलांची आणि बालकांची दृश्ये असतात. डिस्क ठाण्यातच सीलबंद राहील, बदली डिस्क आपण पंचनाम्याशिवाय, पावतीवर द्यावी.

घड्याळाचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण साक्षीत तोच नडतो. एनव्हीआरला इंटरनेटवरचा वेळ-सर्व्हर दिला आहे आणि आमचे नेटवर्क बंदिस्त आहे, त्यामुळे वेळ कधी जुळतच नाही. आतला सीआर २०३२ सेल उतरला की वीज गेल्यावर तारीखही मागे जाते. स्टेशन डायरीतील अटकेची वेळ आणि पडद्यावरची वेळ यांत फरक पडला की बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. जिल्हा सर्व्हरवर एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जोडलेली एनटीपी, म्हणजे यंत्रांची घड्याळे जुळवणारी, सेवा चालू करून सर्व एनव्हीआर तिलाच जोडावेत. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही हेच दोन स्रोत आहेत.

फुटेज काढून देताना आपले कर्मचारी मूळ फाइल एव्हीआय या दुसऱ्या व्हिडिओ-स्वरूपात बदलून पेन ड्राइव्हवर देतात. फाइल बदलली की हॅश (फाइलवरून काढलेला, तिची ओळख पटवणारा संकेत) बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) खालील प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. म्हणून मूळ स्वरूपातील फाइल, ती चालवणारा प्लेअर आणि जागेवरच काढलेला एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश, तिन्ही ठाणे अंमलदारासमोर द्यावेत. यूपीएसच्या बॅटऱ्या आणि बाहेरच्या कॅमेऱ्यांचे सर्ज (विजेच्या झटक्यापासूनचे) संरक्षण यांची यादी स्वतंत्र पाठवली आहे.

तीस दिवसांत प्रत्येक ठाण्यात १८ टीबीच्या १२ पाळत-श्रेणीच्या डिस्क रेड-६ मध्ये, म्हणजे दोन डिस्क बिघडल्या तरी चालणाऱ्या जोडणीत, बसवाव्यात (वापरास १८० टीबी), तेवढे खण नसलेले एनव्हीआर बदलावेत आणि जुने रेकॉर्डिंग नव्यावर उतरवून झाल्याशिवाय जुना संच बंद करू नये. सर्व यंत्रांचे अॅडमिन पासवर्ड या शाखेकडे सीलबंद द्यावेत. दुरून प्रवेश यापुढे आमच्या लेखी परवानगीनेच. मासिक अहवालात पिंगऐवजी प्रत्येक चॅनेलचे सर्वात जुने रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचे आहे आणि मध्ये किती तासांचे खंड आहेत, हे हवे. दंडाची आकारणी त्याच आकड्यांवर होईल.

प्रभारी अधिकारी,
संगणक व दूरसंचार शाखा

प्रत : लेखा शाखा. वरील पूर्तता होईपर्यंत देयक रोखून ठेवावे व बँक हमीची मुदत संपण्यापूर्वी वाढवून घ्यावी.