परतीचा रुपया कुठे अडला?

प्रति,
मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

23 मार्च 2018 रोजी राज्याने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तिच्यातला दंड व्यापाऱ्यांना तोंडपाठ आहे: पहिल्यांदा 5 हजार, दुसऱ्यांदा 10 हजार, तिसऱ्यांदा 25 हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पण मंडईत मेथीच्या जुड्या विकणाऱ्या बाईचा दिवसाचा गल्ला तरी 5 हजार असतो का? पथक आलं की पिशव्या गोणपाटाखाली, गेलं की पुन्हा वर. पथकालाही हे ठाऊक असतं. पावती फाडायला त्यांचाही हात धजावत नाही, आणि मला त्यात त्यांचा दोष वाटत नाही. (चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या आमच्या सोलापुरात कापडी पिशवी मिळू नये, हे मात्र आमचंच कर्तृत्व.)

माझं मागणं दुसरंच आहे. त्याच अधिसूचनेत पाण्याच्या बाटलीवर परतीची रक्कम छापायची आणि रिकामी बाटली दिली की ग्राहकाला रुपया-दोन रुपये परत द्यायचे, अशी तरतूद होती. दंडाचा गाजावाजा झाला, हा रुपया मागेच राहिला. बाटलीवर तो छापलेला असला तरी ती द्यायची कुणाला? दुकानदार हात झटकतो.

आमच्याकडे जानेवारीत सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे ग्रामदैवताची यात्रा, भरतो. होम मैदानावर रात्री गर्दी ओसरली की कचरा वेचणाऱ्या बायका बाटल्या गोळा करतात, कारण भंगारवाला त्यांचे किलोवर पैसे देतो. वेफर्सची पाकिटं आणि तंबाखूचा मावा घोटलेलं प्लास्टिक कुणी उचलत नाही. त्याला भाव नाही, म्हणून ते तिथेच पडतं, मग नाल्यात जातं.

तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यातल्या सरकारी दारू दुकानांत 2022 पासून बाटलीमागे 10 रुपये जादा घेतात आणि रिकामी आणून दिली की परत करतात. दारूच्या बाटलीला जमलेलं पाण्याच्या बाटलीला का जमू नये?

तेव्हा एवढं करा. बाटली आणि पाकीट परत घेण्याची जबाबदारी उत्पादक आणि घाऊक वितरकावर टाका, टाळली तर दंडही त्यांनाच लावा. सुरुवात गड्ड्यापासून होऊ शकते. आदेश डिसेंबरच्या आत निघाला, तर स्टॉल वाटतानाच ही अट घालता येईल.

आपला,
एक सोलापूरकर